शिष्यवृत्तीचे पैसे अडतात कुठे?

जुलै लागला की विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या दारावर दोन-तीन मुलं हमखास येतात. हातात प्लास्टिकची फाईल, सोबत बहुतेक वेळा आई. "ताई, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय." आई आधी मार्कशीट पुढे करते. मी ती बघते, मनापासून कौतुकही करते आणि मग विचारते, "उत्पन्नाचा दाखला कधीचा आहे? आणि आधार कुठल्या बँकेत सीड झालंय?" दोघांचेही चेहरे पडतात. चार वर्षं मी स्वतः या फॉर्मांमागे धावले. मार्क कमी पडल्यामुळे शिष्यवृत्ती हुकलेली मुलं मला फार थोडी भेटली. एखाद्या कागदापायी हुकलेली मात्र ढिगाने.

मी २०१८ साली इंजिनिअरिंगला लागले. बाबा भांडुपच्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात, आई पोळी-भाजीचे डबे करायची. आम्ही खुल्या वर्गातले, त्यामुळे घरात ठाम समज असा की आपल्याला काही मिळत नाही. अ‍ॅडमिशनच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीने सांगितलं, "ईबीसी भर ना, अर्धी फी माफ होते." ईबीसी म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कागदावर हे लांबलचक नाव, कॉलेजात मात्र सगळे ईबीसीच म्हणतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की हा दरवाजा बंद. कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच लाभ मिळतो. यासाठी ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र लागत नाही, उत्पन्नाचा दाखला पुरतो. या दोन गोष्टींची गल्लत करून नको ते प्रमाणपत्र काढत महिना घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

माफी शिक्षण शुल्काची असते, संपूर्ण फीची नाही. फीच्या पावतीवर ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी वेगवेगळी छापलेली असते, ती नीट वाचा. ही डेव्हलपमेंट फी, म्हणजे विकास शुल्क, ईबीसीत धरत नाहीत. "अर्धी फी" ऐकून घरी हिशेब मांडला आणि प्रत्यक्षात आकडा वाढला, असं आमचंही झालं.

मुलींसाठी आता चित्र बरंच बदललंय. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. माझ्या वेळी हे नव्हतं, म्हणून थोडा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. कॉलेजच्या खिडकीवर "आधी पूर्ण भरा, मग परत मिळतील" असं ऐकू आलं, तर वाद घालू नका. राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून तो शासन निर्णय काढा, झेरॉक्स अर्जाला जोडा आणि अर्ज आवक खिडकीवर देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. माझ्या कॉलेजात मुलांनी तोंडी विचारलं की उत्तर नाही यायचं. शिक्का मारलेल्या कागदाला यायचं.

आता उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदाराचा लागतो. कंपनीच्या लेटरहेडवर साहेबाने लिहून दिलेला चालत नाही. मुंबई उपनगर जिल्ह्यात तीन तालुके आहेत, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. आपला पत्ता कुठल्या तालुक्यात येतो ते आधी बघा. आमचं विक्रोळी कुर्ल्यात येतं, हे मला बारावीपर्यंत ठाऊक नव्हतं. अर्ज आपले सरकारच्या पोर्टलवर किंवा महा ई-सेवा केंद्रात करता येतो. सोबत रेशन कार्ड, आधार आणि बाबांचा फॉर्म १६ किंवा पगाराचा दाखला लागतो. दाखल्यावर "३१ मार्चपर्यंत वैध" अशी एक ओळ असते. नावाखालोखाल तीच ओळ महत्त्वाची. जमल्यास बारावीचा निकाल लागायच्या आधीच, मे महिन्यात काढून ठेवा. जुलैत सगळ्या मुंबईला एकदमच दाखले हवे असतात.

दुसऱ्या वर्षी मी त्या ओळीकडे लक्षच दिलं नाही. पहिल्या वर्षाचा दाखला फाईलमध्ये होता, तोच महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, चढवला. फॉर्म भरला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत, कारण घरी लॅपटॉप नव्हता. कॅफेवाल्याने मोबाईल नंबराच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकला. "ओटीपी पटकन येतो," म्हणाला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अर्ज "सेंड बॅक" होऊन आला, त्याचा मेसेज गेला त्याच्याकडे. त्याच्याकडे रोज असे शंभर मेसेज येत असणार, तो कशाला बघतोय? मैत्रिणीचा अर्ज "अ‍ॅप्रूव्ह" दिसला तेव्हा मी माझा उघडायला गेले, तर पासवर्डही त्याच्याच वहीत. दुरुस्तीची मुदत संपायला दोन दिवस होते. बाबांनी अर्धी रजा टाकली, मी लेक्चर बुडवलं, नवा दाखला कसाबसा मिळाला. तेव्हापासून माझा नियम एकच. फॉर्म कुणीही भरून देवो, नंबर आपला, ईमेल आपला, पासवर्ड आपल्या वहीत. आणि फॉर्म भरून झाला म्हणजे काम संपलं, असं समजायचं नाही. आधी कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग विभागाकडे जातो, आणि दोन्हीकडून परत येऊ शकतो. मी दर शनिवारी स्टेटस बघायचे, लॉटरीचा निकाल बघावा तसा.

अपलोड करायची प्रत्येक फाईल २५६ केबीच्या आत बसवावी लागते. मोबाईलवर फोटो काढून दाबून-दाबून लहान केला की नेमका उत्पन्नाचा आकडाच पुसट होतो. झेरॉक्सवाल्याकडून नीट स्कॅन करून घ्या. दहा-वीस रुपयांचं काम आहे.

सगळ्यात जास्त डोकेदुखी झाली ती बँकेची. पहिल्या वर्षीच्या हप्त्यासमोर स्टेटसमध्ये पैसे जमा दिसत होते, पासबुकात मात्र शून्य. बँकेत गेले तर खिडकीवरच्या बाईंनी स्क्रीन बघून सांगितलं, "आधार लिंक आहे, आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही." तीन खेपा झाल्या. शेवटी एका वयस्कर अधिकाऱ्याने बसवून समजावलं. खात्याला आधार नंबर लिंक असणं वेगळं आणि त्या खात्याचं सीडिंग असणं वेगळं. केवायसीसाठी आपण आधार दोन-चार बँकांत देतो. पण सरकारी पैसे जातात फक्त एकाच खात्यात, एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत ज्या बँकेचं नाव आहे तिथे. या नोंदीलाच सीडिंग म्हणतात. माझ्या बाबतीत ते होतं आठवीत शाळेने उघडून दिलेलं खातं. झीरो बॅलन्स, मी तेव्हा अज्ञान, म्हणून पालक या नात्याने आईची सही, कित्येक वर्षं व्यवहार नाही. पैसे तिथे निवांत पडून होते. मी मधल्या काळात १८ पूर्ण केलेली, त्यामुळे नवी केवायसी, नवी सही, आईसकट हजेरी. रक्कम हातात यायला आणखी महिना गेला. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून "बँक सीडिंग स्टेटस" बघता येतं. दोन मिनिटं लागतात. आधी ते बघा, फॉर्म मग भरा.

आरक्षित प्रवर्गातल्या मुलांसाठीच्या योजनाही महाडीबीटीवरच आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणार असाल, तर जात पडताळणीचं काम अकरावी-बारावीतच सुरू करा, व्हॅलिडिटीला, म्हणजे पडताळणीच्या प्रमाणपत्राला, वेळ लागतो. गावाहून मुंबईत आलात, अनुसूचित जातीचे किंवा नवबौद्ध आहात आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये. त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० धरलेत. मुंबईत वर्षाला २०,००० रुपयांत खोली कुठे मिळते, हे विचारू नका. पण कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्याला निम्माअर्धा आधार तरी होतो.

बीए, बीकॉम, बीएस्सीची मुलं एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष करतात. केंद्राची एक शिष्यवृत्ती आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची सेंट्रल सेक्टर स्कीम. बारावीत आपल्या बोर्डाच्या ८० पर्सेंटाईलच्या वर आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. पदवीला वर्षाला १२,००० मिळतात. ८० पर्सेंटाईल म्हणजे ८० टक्के नव्हे, शंभरातल्या ८० मुलांच्या पुढे असणं, एवढं लक्षात ठेवा. "मला तर ७६ टक्केच आहेत" म्हणून मुलं भरतच नाहीत. मुली डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला असतील, तर एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,०००. मात्र एकाच शिक्षणासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. कुठली जास्त पडते ते कागदावर मांडून ठरवा.

बाबांच्या पगाराची स्लिप जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये नीट बघा. एक किरकोळ कपात दिसेल, कामगार कल्याण निधी. ती कपात होत असेल, तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्तीला तुम्ही अर्ज करू शकता. माझे बाबा वीस वर्षं ते पैसे भरत होते आणि कशाचे ते त्यांनाच माहीत नव्हतं. आई-वडील बांधकामावर असतील आणि बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंदणी जिवंत असेल, तर रक्कम बरीच मोठी आहे. इंजिनिअरिंगला वर्षाला ६०,०००, मेडिकलला १ लाख. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल, तर आधी ते.

मुंबईतल्या ट्रस्टांची रीतच निराळी. तिथे माणसं माणसांशी बोलतात. के. सी. महिंद्रा ट्रस्ट पॉलिटेक्निकच्या मुलांना देतो. परदेशी जाणाऱ्यांसाठी जे. एन. टाटा एंडाऊमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे. याखेरीज फोर्ट, गिरगाव, दादरमध्ये ज्ञातीचे, गावमंडळांचे, जुन्या व्यापारी घराण्यांचे कितीतरी लहान ट्रस्ट आहेत. त्यातल्या काहींचा फॉर्म अजूनही कार्यालयात जाऊनच आणावा लागतो. तिसऱ्या वर्षी फोर्टमधल्या अशाच एका ट्रस्टात मी मुलाखतीला गेले. लाकडी जिना, पंख्याची घरघर, टेबलापलीकडे दोन म्हातारे गृहस्थ. मी स्वप्नं, देशसेवा वगैरे पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलं, "महिन्याचा पास केवढ्याचा?" मग डब्यांतून आईला किती सुटतात, लाईट बिल किती, पुस्तकं कुठून आणतेस. मी म्हटलं, पुस्तकं पुस्तकपेढीतून. एकाने मान वर करून पहिल्यांदा नीट बघितलं. तेव्हा सांगून ठेवते, मुलाखतीला जाताना घरखर्चाचा खरा हिशेब एका कागदावर लिहून न्या. गरिबी रंगवू नका आणि लपवूही नका. पुस्तकांसाठी लालबागच्या राजाच्या मंडळासारख्या ठिकाणच्या पुस्तकपेढ्या आणि अभ्यासिका खरंच कामाच्या आहेत.

कुणी फोन करून "तुमची स्कॉलरशिप मंजूर झाली, प्रोसेसिंग फी भरा" म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

शैक्षणिक कर्ज मी घेतलं नाही, त्यामुळे थोडक्यात. ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, फक्त आई किंवा वडील सहकर्जदार होतात. अर्ज विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जांच्या सरकारी पोर्टलवरून केला, तर बँकेला तोंडी "नाही" म्हणून वाटेला लावता येत नाही.

आणि एक गोष्ट फॉर्मवर कुठेच लिहिलेली नसते. या वर्षाची शिष्यवृत्ती या वर्षात हातात येईल, असं धरून चालू नका. माझा एक हप्ता पुढच्या वर्गात गेल्यावर आला. फीची तारीख मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. आमच्याकडे यावर उपाय आईने काढला. बिल्डिंगीतल्या बायकांची भिशी होती. तिने पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "मला दरवर्षी जुलैचा नंबर." शिष्यवृत्ती आली की त्यातून पुढचे हप्ते जायचे.

परवा तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली होती, कॉम्प्युटरला लागलीये. दाखला ताजा, सीडिंग बरोबर, नंबर तिचाच. एवढी तयारी बघून मला विचारायला काही उरलं नाही. तिच्या आईला तेवढं म्हटलं, विकास शुल्क, पुस्तकं आणि पास धरून जुलैत पंचवीस-तीस हजार हाताशी ठेवा. त्या हसल्या. "भिशीचा जुलै तुमच्या आईकडून मागून घेतलाय मी."