कबड्डी जाणणाऱ्यांसाठी रग्बी युनियन: नियम आणि पंधरा जागा

खान्देशातल्या बहुतेक मुलांचे अंग कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीत घडलेले असते. रग्बी युनियन शिकताना ही घडण मदतीला येते, तशीच ती काही ठिकाणी आडवीही येते. शिकवणाऱ्याने सुरुवात गुणांच्या तक्त्याने किंवा जागांच्या नावांनी करू नये, कारण एकच नियम नीट समजला की बाकीचा बराचसा खेळ त्यातूनच उलगडतो. तो नियम असा, की चेंडू घेऊन पुढे धावता येते आणि तो पायाने पुढे मारताही येतो, परंतु हाताने सहकाऱ्याकडे देताना तो आडवा किंवा मागेच द्यावा लागतो. खो-खोत उठलेल्या खेळाडूला मध्येच दिशा बदलता येत नाही, हे ज्याने अंगवळणी पाडले आहे त्याला हे बंधन विचित्र वाटणार नाही. चौघांना एकमेकांच्या तिरक्या मागे उभे करून आधी चालत आणि मग धावत चेंडू देण्याचा सराव घ्यावा; पहिला आठवडा एवढ्यावरच गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

या नियमामुळेच ऑफसाइडही सोपा होतो: आपल्या सहकाऱ्याकडे चेंडू असताना, किंवा त्याने तो पुढे मारला असताना, जो त्याच्या पुढे उभा आहे त्याला खेळात भाग घेता येत नाही. चेंडू हातातून निसटून पुढे पडला तर तो नॉक-ऑन होय. नॉक-ऑन किंवा पुढे दिलेला पास यांसाठी सहसा प्रतिपक्षाला स्क्रम मिळतो, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना बिलगून ढकलतात आणि मध्ये टाकलेल्या चेंडूसाठी झुंजतात. मात्र त्या चुकीमुळे प्रतिपक्षाला लगेच लाभ मिळत असेल, तर पंच शिटी न वाजवता खेळ चालू ठेवतात.

सामना प्रत्येकी 40 मिनिटांच्या दोन डावांचा असतो आणि प्रत्येक संघात 15 खेळाडू असतात. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो आणि त्याचे 5 गुण मिळतात. नुसती रेषा ओलांडून भागत नाही. त्यानंतर चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन गोलरेषेवरच्या दोन खांबांमधून, त्यांच्यातल्या आडव्या दांडीवरून तो मारला की आणखी 2 गुण मिळतात. म्हणून रेषा ओलांडल्यावरही जाणता खेळाडू खांबांकडे वळतो. पेनल्टी किक (प्रतिपक्षाच्या गंभीर चुकीसाठी मिळालेली, खांबांमधून मारलेली किक) आणि ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून तो उसळताच खांबांमधून मारणे) यांचे प्रत्येकी 3 गुण असतात.

कबड्डीपटूची खरी परीक्षा टॅकलमध्ये होते. चेंडू ज्याच्या हातात आहे त्यालाच, खांद्यांच्या रेषेखाली, हातांनी कवळूनच पाडायचे असते. कबड्डीत पकड चढाई संपेपर्यंत सोडायची नसते. इथे मात्र प्रतिस्पर्धी जमिनीवर पडला की पकडणाऱ्याने त्याला ताबडतोब सोडून बाजूला व्हावे लागते आणि पडलेल्यानेही चेंडू सोडून द्यावा लागतो. उचलून डोक्यावर आपटणे हा गंभीर गुन्हा असून त्यासाठी खेळाडू बाहेर जाऊ शकतो. आपले डोके प्रतिस्पर्ध्याच्या समोर न येता बाजूला राहील, हे गुडघ्यांवर बसून हळूहळू घोटवून घ्यावे. त्याआधी पूर्ण जोराच्या टॅकलला परवानगी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान मुलांसाठी तर नुसता स्पर्श हाच टॅकल मानण्याचा प्रकारच योग्य होय.

जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही संघांचे उभे खेळाडू भिडले की रक बनतो. त्यात मागच्या बाजूनेच शिरावे लागते आणि हाताने चेंडू ओढता येत नाही. चेंडू धरणारा उभाच असून दोन्ही बाजूंचे खेळाडू त्याला बिलगले तर तो मॉल होतो. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट होते, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू समोरासमोर रांगांत उभे राहतात आणि रेषेबाहेरून त्यांच्यामध्ये फेकलेला चेंडू झेलायला बघतात.

आता जागा. पाठीवरचा क्रमांकच जागा सांगतो: 1 ते 8 फॉरवर्ड, म्हणजे पुढची फळी; 9 ते 15 बॅक, म्हणजे मागची फळी. स्क्रममध्ये 1 आणि 3 हे प्रॉप, म्हणजे अक्षरशः टेकू. घडाच्या भाराने केळ वाकू नये म्हणून रावेर-यावलकडे बांबूचा जो आधार देतात, तेच काम हे दोघे मधल्या 2 क्रमांकाच्या हुकरसाठी करतात. हुकर पायाने चेंडू मागे ओढतो आणि लाइनआउटमध्ये बहुधा तोच चेंडू फेकतो. मागून जोर लावणारे 4 आणि 5 हे लॉक सहसा संघातले सर्वांत उंच असतात आणि लाइनआउटमध्ये उंच झेप घेतात. 6 आणि 7 हे फ्लँकर स्क्रम सुटताच धावत सुटतात. कबड्डीत पाय पकडण्यात वाकबगार असलेल्यांना मी याच जागा देईन. 8 क्रमांकाचा खेळाडू सर्वांत मागून स्क्रम सांभाळतो. मानेला दुखापत होण्याचा धोका मोठा असल्यामुळे जाणत्या प्रशिक्षकाशिवाय जोराचा स्क्रम लावूच नये.

9 क्रमांकाचा स्क्रम-हाफ फॉरवर्ड आणि बॅक यांना जोडतो. त्याला उंचीपेक्षा चपळ हात आणि मोठा आवाज अधिक उपयोगी पडतो. 10 क्रमांकाचा फ्लाय-हाफ पळायचे, द्यायचे की मारायचे हे ठरवतो, त्यामुळे शांत डोक्याचा मुलगा तिथे ठेवावा. 12 आणि 13 हे सेंटर मधली फळी फोडतात, 11 आणि 14 हे विंग कडेने वेगाने पळतात, तर 15 क्रमांकाचा फुलबॅक मागे राहून उंच आलेले चेंडू झेलतो.

मैदानाविषयी एक इशारा द्यायला हवा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि भर पावसात बुटाला चिकटते, म्हणून पाऊस ओसरल्यावर जिथे गवत टिकले आहे अशी जागा निवडावी आणि टॅकलचा सराव तिथेच घ्यावा. चैत्र-वैशाखात चेंडू देण्याघेण्याचा सराव तेवढा सकाळी लवकर उरकावा.