कराटे क्लासची वेबसाइट करताय? मग या चुका टाळा

कराटे-तायक्वांदो क्लासवाल्यांच्या वेबसाइटी मी बऱ्याच केल्यात, आणि दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या त्याहून जास्त निस्तरल्यात. पहिल्या मीटिंगला सर हमखास एकच फोटो पुढे करतात, स्वतःचा, हवेत उडी, पाय समोरच्याच्या कानाजवळ, आणि म्हणतात हा होमपेजवर मोठ्ठा घ्या. घेऊ की, फोटो भारीच असतो. पण साइट उघडणार कोण? शाळेच्या गेटबाहेर व्हॅनची वाट बघत उभी असलेली आई, एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि स्क्रीनवर दुपारचं ऊन. तिला एवढंच हवंय की सात वर्षांची मुलगी चालेल का, कुठल्या वारी, किती वाजता, नक्की कुठे, फी किती आणि शिकवणार कोण. हे तिला दोन मिनिटांत सापडलं नाही तर ती बॅक दाबते आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या डान्स क्लासला फोन लावते, विषय संपला.

म्हणून पहिली चूक डिझाइनच्याही आधीची आहे. सरांच्या डोक्यातला मेनू असा असतो: आमच्याविषयी, आमचं ध्येय, संस्थापकांचं मनोगत, पुरस्कार, गॅलरी, आणि मग कुठेतरी सहाव्या नंबरला बॅचेस. मी आता पानं ठरवायच्या आधी सरांकडून मागच्या महिनाभरातले चौकशीचे व्हॉट्सॲप मेसेज मागतो. त्यात लोक काय विचारतात ते मोजायचं, सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न सगळ्यात वर, बस, हाच तुमचा आराखडा. संस्थापकांचं मनोगत कुणी विचारल्याचं अजून माझ्या बघण्यात नाही. आणि हो, किहोन, काता, कुमिते हे शब्द जरूर वापरा पण पहिल्यांदा येतील तिथे मराठीत सांगा, मूळ हालचालींचा सराव, ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या चाली, समोरासमोरची लढत. नाहीतर आईला वाटतं कुमिते हा वेगळा कोर्स आहे आणि त्याची फी पण वेगळी.

फीवरून आठवलं. "फीसाठी संपर्क करा" असं लिहू नका. मला माहितीये का लिहिता ते, समोरच्या क्लासला कळू नये म्हणून. पण समोरच्या क्लासला ती कधीच कळलेली असते, एखाद्या पालकाकडून. लोक महिन्याच्या फीला घाबरत नाहीत, नंतर एकेक करून निघणाऱ्या खर्चाला वैतागतात, आधी ड्रेस, मग बेल्ट परीक्षेची फी, मग स्पर्धेची एंट्री, मग किट. सगळं एकाच ठिकाणी आकड्यासकट लिहून टाका.

आता वेळापत्रक. शंभरातल्या नव्वद वेळा (बरं, माझा अंदाज म्हणा) ते फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेलं जेपीजी चित्र असतं, मागे वाघ, वर सोनेरी अक्षरं. फोनवर ते अंगठ्याएवढं दिसतं, दोन बोटांनी मोठं करून इकडेतिकडे सरकवत वाचावं लागतं, सर्चमध्ये त्यातला मजकूर नीट येईलच असं नाही, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला तर त्यात काहीच ऐकू येत नाही. शिवाय वेळ बदलली की पुन्हा फ्लेक्सवाल्याच्या मागे लागा, मग कोण लागतंय, जुनंच राहतं. एका साइटवर मी भर दिवाळीत एप्रिल-मेच्या समर कॅम्पचं पोस्टर बघितलंय, तेही दोन वर्षांपूर्वीचं. वेळापत्रक साध्या मजकुरात टाइप करा, फोनवर आडवा टेबल बसत नसेल तर एकेका बॅचचा वेगळा चौकोन करा, वयोगट, वार, वेळ, हॉल, आणि खाली "शेवटचा बदल" म्हणून तारीख टाका. वर्षातून निदान तीनदा तरी तिथे हात लावावा लागणार, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आणि दिवाळीत, तेव्हा सरांना स्वतः बदलता येईल असंच करून द्या.

रंगांचा घोळ हा तर या धंद्याचा खास आजार आहे. काळी बॅकग्राउंड आणि त्यावर रक्तासारखा गडद लाल मजकूर, कारण कराटे म्हणजे डेंजर वाटलं पाहिजे. ॲक्सेसिबिलिटीची जी डब्ल्यूसीएजी नावाची नियमावली आहे ती साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मागते, मोठ्या अक्षरांना ३ ला १. काळ्यावर तो गडद लाल जेमतेम २ ला १ भरतो, आणि वर उन्हातला फोन. त्याहून गंमत बेल्टच्या तक्त्यात, जिथे प्रत्येक बेल्टचं नाव त्याच रंगात लिहितात. पांढऱ्या पानावर पिवळ्या अक्षरात "पिवळा पट्टा", म्हणजे जवळपास १ ला १, दिसतच नाही. आणि पांढरा पट्टा? एका साइटवर त्याची ओळ रिकामीच दिसत होती, मला आधी वाटलं डेटा उडाला. रंग शेजारच्या पट्टीत दाखवा, चारी बाजूंनी बारीक काळी रेघ द्या आणि नाव काळ्यातच ठेवा. बेल्टचा क्रम संस्थेप्रमाणे बदलतो तेव्हा गुगलवरून उचललेला तक्ता चिकटवू नका, तुमच्याकडचा टाका, क्यू (ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या) उतरत्या क्रमाने मोजतात आणि दान (ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या) चढत्या हेही एका ओळीत सांगा कारण पालकांना आठवा क्यू हा पाचव्यापेक्षा मोठा वाटतो.

मराठी साइट असेल तर अजून एक भानगड. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मोठ्या हेडिंगला लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं, अक्षरं जरा लांब लांब, स्टायलिश. तेच मराठीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि "स्वसंरक्षण" हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. सर म्हणतात फॉन्ट खराब आहे, डेव्हलपर तीन फॉन्ट बदलून बघतो, तिन्हींत तेच. फॉन्ट ठीक आहे हो, ते स्पेसिंग शून्य करा. मात्रा वरच्या ओळीला चिकटत असतील तर ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजीच राहिली असेल तर ती मराठी करा, बऱ्याच चांगल्या फॉन्टांत ल आणि श ची मराठी वळणं त्यावरच चालू होतात, नाहीतर हिंदी पद्धतीचे दिसतात. आणि डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात दिलेला मजकूर सरळ पेस्ट केलात तर वेबवर निव्वळ चित्रविचित्र चिन्हं येतील, तो आधी कन्व्हर्ट करून घ्या आणि मग एकदा डोळ्यांनी वाचा, कारण कन्व्हर्ट करताना रफार हमखास भलतीकडे जातो.

होमपेजवर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ टाळता आला तर टाळा. आवाजासकट ऑटोप्ले मोबाइलचे ब्राउझर सहसा करूच देत नाहीत, म्हणजे तुमचं ते ढोल-ताशाचं म्युझिक कुणी ऐकणारच नाही, फक्त डेटा जाणार. फोनवर काढलेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवू नका, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून दीड-दोनशे केबीत छान बसतो. पानावरचा सगळ्यात मोठा तुकडा २.५ सेकंदांच्या आत दिसला तर गुगल त्याला चांगलं म्हणतं, आणि क्लासच्या साइटवर तो मोठा तुकडा म्हणजे बहुतेक वेळा सरांची ती उडीच.

"साइटवरून एकही चौकशी येत नाही" ही तक्रार आली की मी डिझाइनकडे बघतच नाही, आधी स्वतः फॉर्म भरून बघतो. एका क्लासचे चार महिन्यांचे मेल स्पॅममध्ये पडले होते. कारण असं की फॉर्म मेल पाठवताना "प्रेषक" म्हणून भरणाऱ्याचाच जीमेल पत्ता लावत होता, आणि तुमचा सर्व्हर जीमेलच्या नावाने मेल पाठवायला लागला की समोरचा त्याला तोतया समजणारच. प्रेषक तुमच्याच डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये (उत्तर जिथे जातं तो पत्ता) टाका, मेल एसएमटीपीवरून, म्हणजे खऱ्या मेल खात्यात लॉगिन करून, जाऊ दे आणि डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम लावून घ्या, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे समोरच्याला पटवणाऱ्या या नोंदी. व्हॉट्सॲपचं बटण चालत नसेल तर लिंकमधला नंबर बघा, आधी ९१ आणि मग दहा आकडे, मध्ये शून्य नाही, अधिक चिन्ह नाही, स्पेस नाही. ते हिरवं गोल बटण फॉर्मच्या "पाठवा"वर येऊन बसतं का तेही छोट्या फोनवर तपासा. आणि फीच्या पानावरचा क्यूआर कोड! फोनवर साइट उघडलेला माणूस आपल्याच फोनवरचा कोड कशाने स्कॅन करणार, बिचारा स्क्रीनशॉट काढून गॅलरीतून टाकत बसतो. खाली यूपीआय आयडी मजकुरात द्या, कॉपीच्या बटणासकट.

मजकुरातले दावे जरा तपासून घ्या. "ऑलिम्पिक खेळ कराटे" असं अजून सर्रास दिसतं. कराटे ऑलिम्पिकमध्ये होतं ते टोकियो २०२० ला, जे प्रत्यक्षात २०२१ साली झालं, पॅरिस २०२४ मध्ये नव्हतं. तायक्वांदो सिडनी २००० पासून पदकांचा खेळ आहे, तिथे ते खुशाल लिहा. आजकालचे पालक क्लासमध्ये बसल्या बसल्या गुगल करतात, आणि एक गोष्ट फुगवलेली निघाली की ब्लॅक बेल्टच्या सर्टिफिकेटवरही शंका घेतात.

मुलांच्या फोटोंबाबत मात्र मी हट्टी आहे. मेडल घेतलेली मुलगी, खाली पूर्ण नाव, शाळा, आणि त्याच पानावर तिची बॅच किती वाजता सुटते ते. अनोळखी माणसाला अजून काय हवं? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. ॲडमिशन फॉर्मवर वेगळी सही घ्या, साइटवर फक्त पहिलं नाव ठेवा, शाळेचं नाव काढा, आणि पालकाने काढा म्हटलं की त्याच दिवशी काढा.

शेवटचं, डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. एका सरांचं एका जुन्या विद्यार्थ्याच्या ईमेलवर घेतलेलं होतं, पोरगा शिकायला परदेशी गेला, तो ईमेल त्याने बंद केला, मुदत संपल्याचे सगळे मेल तिथेच जात राहिले आणि ऐन जूनमध्ये ॲडमिशनच्या वेळी साइट गायब. परत मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तोपर्यंत सरांनी हॉलच्या गेटला पुठ्ठा लटकवला होता, मार्करने बॅच, वय, वेळ, फी आणि फोन नंबर. नव्या साइटचं होमपेज मी त्या पुठ्ठ्याचा फोटो समोर ठेवूनच केलं.