अंडाशयाची ऊती गोठवण्यापूर्वी सुरक्षिततेची खात्री कशी करावी

केमोथेरपीने अंडाशय निकामी झाले तरी पुढे मूल होता यावे, म्हणून अंडाशयाची ऊती आधीच काढून गोठवतात आणि उपचारांनंतर परत बसवतात. त्यासाठी केमोथेरपीची तारीख ठरण्याआधीच कर्करोगतज्ज्ञांना ‘या उपचाराने अंडाशय निकामी होण्याची शक्यता किती?’ असे थेट विचारावे. सातारा-सोलापूरकडून पुण्यात उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांनी तर हा प्रश्न पहिल्याच भेटीत काढावा, कारण वंध्यत्वतज्ज्ञ दुसऱ्याच रुग्णालयात असले तर त्यांची भेट मिळण्यातच मोलाचे दिवस जातात.

स्त्रीबीजे गोठवायची तर साधारण दोन आठवडे इंजेक्शने घ्यावी लागतात. तेवढी सवड नसेल, किंवा मुलगी अजून वयात आलेली नसेल, तर ऊती गोठवण्याचा विचार करावा. यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने अंडाशयाचा काही भाग किंवा एक संपूर्ण अंडाशय काढून, त्याच्या बाहेरच्या थराच्या पातळ पट्ट्या उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. अशी ऊती परत बसवून झालेल्या पहिल्या बाळंतपणाची नोंद २००४ मध्ये बेल्जियममध्ये झाली, आणि २०१९ मध्ये अमेरिकेतील प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला.

शस्त्रक्रियेतील धोके भूल, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचे, म्हणजे नेहमीचेच. मात्र प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तपेशी) कमी असतील तर ते वाढतात, म्हणून ताजा रक्त तपासणी अहवाल सोबत ठेवावा.

खरी काळजी ऊती काढण्याची नसून ती परत बसवण्याची आहे. रक्ताच्या कर्करोगात रोगपेशी अंडाशयातही पोचलेल्या असू शकतात आणि त्या ऊतीबरोबर शरीरात परतू शकतात. हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा एक कर्करोग) किंवा सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगात हा धोका बराच कमी असतो. ‘आम्ही तपासून घेतो’ एवढ्या उत्तरावर थांबू नये, कारण तपासलेला तुकडा परत बसवला जात नाही आणि एका पट्टीच्या निर्दोषपणावरून बाकीच्या पट्ट्यांची हमी मिळत नाही. आपल्या कर्करोगाच्या प्रकारात ऊती परत बसवणे योग्य ठरेल का, याचे उत्तर दोन्ही तज्ज्ञांकडून लेखी घ्यावे. स्तनाचा कर्करोग आनुवंशिक असेल, तर अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही त्याच चर्चेत काढावा. पस्तिशीनंतर बीजांचा साठा घटलेला असल्याने हा मार्ग सहसा सुचवला जात नाही.

साठवणुकीचे केंद्र २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, ते पाहावे. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण नायट्रोजनच्या टाकीतील थंडावा विजेवर अवलंबून नसतो. पण टाकीतील पातळी किती दिवसांनी तपासतात आणि ती घटल्यास धोक्याची घंटा वाजते का, हे अवश्य विचारावे. करारात वार्षिक शुल्क, केंद्र बंद पडल्यास ऊती कुठे हलवणार आणि रुग्णाचा मृत्यू झाल्यास ऊतीचे काय करायचे, हे स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय सही करू नये.