व्हेपचा सेल कधी बदलायचा

सतरा वर्षं सिगारेट ओढली. ती सुटली व्हेपमुळे, म्हणजे ई-सिगारेटमुळे, इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला आल्यावर. आता कामावरची आपली मुलं त्यांचे व्हेप माझ्यापुढे ठेवतात आणि विचारतात, "दादा, चार्ज टिकत नाही, सेल गेला का?" मी चार्जचं नंतर बघतो. आधी सेलची साल, म्हणजे त्यावरचं प्लास्टिकचं वेष्टण बघतो.

या व्हेपमध्ये असतो तो १८६५० सेल म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. तो बाहेर काढा, दिव्याखाली धरा आणि बोटांत हळूहळू फिरवा. रंगीत प्लास्टिकच्या आत जी धातूची डबी आहे ती सगळीच्या सगळी मायनस असते, अगदी प्लसच्या बटणाभोवतीच्या कडेपर्यंत. प्लस आणि ती कड यांच्यात अंतर असतं जेमतेम दीडदोन मिलिमीटर. तिथे एक कागदी चकती असते आणि वरून हे पातळ प्लास्टिक. त्या कडेवरची साल सेल घालता-काढताना घासून निघते. तिथे उघडा धातू चमकताना दिसला की तो सेल त्या दिवसापासून वापरायचा नाही. साल नवी चढवता येते: बाजारात नळ्या मिळतात, केस वाळवायच्या ड्रायरने घट्ट बसतात, फक्त कागदी चकती विसरायची नाही. पण डबीला पोचा असेल तर साल बदलून काही उपयोग नाही. आत पातळ थरांची घट्ट गुंडाळी असते. बाहेरून ती दबली तर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. गंज, ओलसरपणा, गोडसर उग्र वास यांतलं काहीही जाणवलं तरी सेल बाद.

माझं स्वतःचं एकदा झालं. जॅकेटच्या खिशात सुटा सेल आणि घराच्या किल्ल्या एकत्र होत्या. बसस्टॉपवर उभा असताना खिसा एकदम तापला. काढून फुटपाथवर टाकेपर्यंत दोन बोटांना फोड आले. तेव्हापासून सुटा सेल प्लास्टिकच्या डबीतच ठेवतो, आणि भेटेल त्याला एक डबी देतो.

साल चांगली असेल तर मग मल्टिमीटर घ्या. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. रात्री चार्जरमधून काढून ठेवा आणि सकाळी परत मोजा. न वापरता ४.१ च्या खाली आला असेल तर मी तो ठेवत नाही. कपाटात पडून २.५ च्या खाली गेलेला सेल परत चार्ज करून जिवंत करायच्या फंदात पडू नका. चार्ज करताना सेल हाताला कोमट लागणं ठीक, पण धरवत नसेल इतका तापला तर लगेच काढा आणि परत लावू नका.

क्षमता मोजणारा चार्जर असेल तर आणखी सोपं. सेलमध्ये किती चार्ज मावतो ते एमएएचमध्ये मोजतात; ३००० एमएएचचा सेल २४०० वर आला की तो म्हातारा झाला. रोज चार्ज होणाऱ्या सेलला माझ्याकडे साधारण वर्ष-दीड वर्षात ही वेळ येते. नवा घेताना ९९०० एमएएच छापलेला १८६५० दिसला तर दुकानातून बाहेर पडा, या मापात एवढी क्षमता मावतच नाही.

दोन सेलचा मॉड (व्हेपचा सेल बसतो तो मुख्य भाग) असेल तर जोडी मोडायची नाही. दोन्ही एकदम घेतलेले, एकदम चार्ज होणारे, एकदम जाणारे. मी सालीवर मार्करने "क १", "क २" आणि घेतल्याचा महिना लिहितो. वापरून झाल्यावर दोघांत ०.१ व्होल्टहून जास्त फरक पडायला लागला तर दोन्ही बदलतो. एक नवा, एक जुना घातला तर कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला पार पिळून काढतो.

भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, त्यामुळे सुट्टीला पुण्याला जाताना मॉड आणि सेल इथेच राहतात. निघताना सेल अर्धेच चार्ज ठेवतो. महिनाभर पूर्ण भरून ठेवले तर लवकर खराब होतात.

बाद झालेला सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीत तो चिरडला की आग लागते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. इथे मोठ्या सुपरमार्केटच्या दाराशी बॅटऱ्यांचा डबा असतो, पुढच्या वेळी दूध आणायला जाल तेव्हा त्यात टाका.