अमेरिकेत बिलावर टॅक्स किती लागणार ते कसं काढायचं

आपल्याला एमआरपीची सवय, त्यामुळे तिथं पहिल्यांदा काउंटरवर गडबडायला होतंच. शेल्फवरची किंमत टॅक्स सोडून असते, टॅक्स बिल करताना चढतो. मी तर मोजून सुट्टे डॉलर काढून उभा होतो, मागे लाईन, आणि वर सात डॉलर कमी पडले!

न्यूयॉर्क सिटीचं बघा. राज्याचा 4 टक्के, शहराचा 4.5, आणि तिथल्या ट्रान्झिटसाठी 0.375, झाले 8.875 टक्के. 80 डॉलरचा हेडफोन घेतला तर 80 गुणिले 0.08875 म्हणजे 7.10, एकूण 87.10. तोंडी करायचं तर सरळ 9 टक्के धरा, चार पैसे जास्तच निघतील.

पण सगळ्यावर टॅक्स नसतो हां. न्यूयॉर्क सिटीत 110 डॉलरच्या आतल्या कपड्या-बुटांवर शून्य, आणि ही मर्यादा एकेका वस्तूला, अख्ख्या बिलाला नाही, म्हणजे 60 च्या दोन जीन्स घेतल्या तरी टॅक्स नाही पण 150 च्या जॅकेटवर पूर्ण 13.31. ओरेगॉन, डेलावेअरमध्ये तर सेल्स टॅक्सच नाही. ऑनलाइन मागवलं तर साधारणपणे डिलिव्हरीच्या पत्त्याचा रेट लागतो, त्यामुळे झिप कोड टाकूनच टोटल बघा.