बेळगावात ‘सिंको दे मायो’ साजरा करायचा असल्यास

अमेरिकेत शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मुलांमुळे ‘सिंको दे मायो’ (स्पॅनिशमध्ये ‘पाच मे’) हे मेक्सिकन सणाचे नाव आता बेळगाव-निपाणीकडच्या घरांतही कानावर पडते. 5 मे रोजी त्यानिमित्त कार्यक्रम ठरवलाच, तर निमंत्रणपत्रिकेवर ‘मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन’ असे मुळीच छापू नये. तो 16 सप्टेंबरला असतो. 1810 साली त्या दिवशी दोलोरेस गावी मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठावाची हाक दिली होती.

5 मेचा संबंध मेक्सिकोतील पुएब्ला शहराजवळच्या लढाईशी आहे आणि प्रास्ताविकात ती कारणांसकट सांगावी. यादवीने तिजोरी रिकामी झाल्यामुळे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ यांनी 1861 मध्ये परदेशी कर्जाची फेड दोन वर्षांसाठी थांबवली, तेव्हा वसुलीसाठी स्पेन, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या फौजा व्हेराक्रूझ बंदरात उतरल्या. पहिले दोन देश परतले. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला मात्र तेथे आपल्या मर्जीतले साम्राज्य उभारायचे होते. राजधानीकडे निघालेल्या त्याच्या फौजेला 5 मे 1862 रोजी, तेहेतीस वर्षांच्या सेनापती इग्नासिओ सारागोसा यांच्या सैन्याने पुएब्लाजवळच्या लोरेतो आणि ग्वादालुपे या किल्ल्यांपाशी मागे रेटले. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी शहर घेतले, 1864 मध्ये त्यांनी बसवलेला ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन मेक्सिकोचा सम्राट झाला आणि 1867 मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या, हा उत्तरार्ध गाळू नये. तो गाळला की विजय खोटा वाटू लागतो.

मेक्सिकोत या दिवसाचा खरा थाट पुएब्लातच असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेक्सिकन लोकांनी तो 1860च्या दशकातच साजरा करायला सुरुवात केली, 1960नंतरच्या मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांच्या चळवळीने त्याला बळ दिले आणि 1980च्या दशकात बिअर कंपन्यांच्या जाहिरातींनी त्याची पार्टी करून टाकली.

म्हणून सजावटीत रुंद टोप्या आणि खोट्या मिशा नकोत. दिवाळीत किल्ले करणाऱ्या मुलांकडून दोन्ही किल्ले आणि त्यांच्यापुढचा चढ मातीचा करून घ्यावा व चढावर थोडे पाणी शिंपडावे, कारण त्या दुपारी पावसाने झालेल्या चिखलातून फ्रेंचांना वर चढावे लागले होते.

जेवणात पुएब्लाचा ‘मोले’ हा मिरच्यांचा दाट रस्सा करावा. आपल्या बाजारात त्यासाठी फारसे काही अडत नाही. रंगासाठी भरपूर ब्याडगी आणि तिखटासाठी दोन-तीन संकेश्वरी मिरच्या घेऊन बिया काढाव्यात व मंद आचेवर केवळ वास सुटेपर्यंत भाजाव्यात. करपल्या तर सगळा रस्सा कडू होतो आणि मग गूळ घालूनही तो सावरत नाही. मिरच्या गरम पाण्यात भिजवून भाजलेले तीळ, शेंगदाणे, टोमॅटो, मनुका, दालचिनी, लवंग आणि तळलेल्या भाकरीचा तुकडा यांच्यासह गुळगुळीत वाटाव्यात. वाटण तेलात परतून त्यात कोंबडीचे पाणी घालावे, रस्सा दाट होईपर्यंत उकळावा आणि शेवटी कडसर चॉकलेटचा छोटा तुकडा विरघळवून तो शिजवलेल्या कोंबडीवर ओतावा. सोबत मक्याची भाकरी चालते.

तारीख पक्की करण्यापूर्वी पंचांग पाहावे. तिथीप्रमाणे होणारी शिवजयंती आणि तिची चित्ररथ मिरवणूक काही वर्षी याच सुमारास येते. तेव्हा मंडळाचे सगळे कार्यकर्ते रथाच्या कामात असतात आणि खुर्च्या मांडायलाही कोणी सापडत नाही. अशा वर्षी कार्यक्रम पुढच्या रविवारी ठेवावा.