मार्क कुकुरेया लोकप्रियतेत कितवा? क्रमवारी लावण्याची पद्धत

स्पॅनिश फुटबॉलमधल्या बचावपटूंमध्ये कुकुरेयाचा नंबर काढायचा असेल तर आधी तीन गोष्टी पक्क्या करा: तुलना कोणाशी, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या काळात. स्पर्धक म्हणून दानी कार्वाहाल, सर्जिओ रामोस, पाऊ कुबार्सी आणि आलेक्स ग्रिमाल्दो घ्या. काळ सलग 12 महिन्यांचा धरा.

सुरुवात गूगल ट्रेंड्सपासून, म्हणजे गूगलवर काय किती शोधलं जातं ते दाखवणाऱ्या साधनापासून. नाव टाइप केल्यावर खाली यादी उघडते. तिथे नुसता शोधशब्द न घेता फुटबॉलपटू म्हणून दाखवलेला ‘विषय’ निवडा. कार्वाहाल आणि रामोस ही आडनावं स्पॅनिशभाषक जगात ढिगाने आहेत; शब्द निवडला तर भलत्याच माणसांचे शोध यांच्या खात्यात जमा होतात. आपली पाचही नावं एकाच तुलनेत बसतात. आकडे 0 ते 100 असतात, पण 100 म्हणजे त्या तुलनेतला सर्वांत उंच क्षण, शोधांची संख्या नव्हे. एकाचा आलेख फार उंच गेला की बाकीचे तळाशी चिकटतात. मग त्याला बाजूला काढून उरलेल्यांची वेगळी तुलना करा आणि एक मधला खेळाडू दोन्हीकडे सामाईक ठेवा.

दुसरी मोजणी विकिपीडियाच्या पेजव्ह्यूज साधनावर करा; एखादं पान किती वेळा उघडलं गेलं ते तिथे दिसतं. ‘यूजर’ हा पर्याय ठेवा, म्हणजे बॉट (आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम) वगळले जातात. इंग्रजीसोबत स्पॅनिश विकिपीडियाही मोजा, नाहीतर इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंना फुकटचा फायदा मिळतो. रोजच्या भेटींची सरासरी नको, मध्यक घ्या, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा.

मध्यक का, ते 2024 च्या युरोत, म्हणजे युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेत दिसतं. 5 जुलैला जर्मनीविरुद्ध त्यांच्या मुसियालाचा फटका कुकुरेयाच्या हाताला लागला, पण जर्मनीला पेनल्टी मिळाली नाही. त्या रागातून उपांत्य सामन्यात म्युनिकच्या प्रेक्षकांनी चेंडू कुकुरेयाच्या पायाशी आला की हुर्यो उडवली. 14 जुलैच्या अंतिम सामन्यात 86व्या मिनिटाला त्याच्याच पासवर स्पेनच्या ओयार्साबालने विजयी गोल केला. आलेखात राग आणि कौतुक दोन्हींची शिखरं सारखीच दिसतात! म्हणून प्रत्येक उसळीची तारीख सामन्याशी ताडून पाहा आणि वादाच्या उसळीवर तशी खूण करा. पेजव्ह्यूजचा दिवस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे बदलतो, आपल्याकडे पहाटे साडेपाचला. रात्रीच्या सामन्यासाठी दोन दिवसांचे आकडे एकत्र पाहा.

इन्स्टाग्रामच्या फॉलोअर्सचा एकूण आकडा फसवा असतो. रामोसची गर्दी रेआल माद्रिदच्या वर्षांत जमलेली आहे. काळाच्या सुरुवातीचा आकडा शेवटच्या आकड्यातून वजा करा आणि वाढ तेवढी धरा. सुरुवातीचा आकडा नोंदवलेला नसेल तर हा निकष सोडून द्या.

शेवटी प्रत्येक मोजणीत खेळाडूंना 1 ते 5 क्रम द्या आणि त्यांची बेरीज करा. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. बरोबरी झाल्यास विकिपीडियाचा क्रम निर्णायक माना, कारण तिथे प्रत्यक्ष भेटी मोजलेल्या असतात. महाराष्ट्रापुरती क्रमवारी हवी असेल तर ट्रेंड्समध्ये राज्य निवडा. पण कमी शोधांमुळे 0 दिसला तर त्याचा अर्थ ‘कोणीच शोधलं नाही’ असा लावू नका, काळ वाढवून पुन्हा पाहा.